साखर घराण्यातून येते, बिडी नाही

“आमच्या घराण्यातच साखर आहे.” जळगाव-धुळ्याकडच्या वस्त्यांत हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. वडिलांना मधुमेह, थोरल्या भावाला मधुमेह, आणि त्यातच काकांच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली, की घरातली माणसे हबकून जातात. हे सारे एकाच रक्तातून येते काय? पुढची पाळी कुणाची? मुलीच्या सोयरिकीत हे सांगायचे की झाकायचे? या प्रश्नांचा आज विचार करू.

प्रथम मधुमेह. तो घराण्यात चालतो, हे खरे आहे. आईबापांकडून मुलांकडे जी जनुके येतात, त्यांतल्या काही बारीक फरकांमुळे मधुमेहाचा धोका वाढतो. असे एक महत्त्वाचे जनुक २००६ साली आइसलँडमधील संशोधकांनी शोधले. २००७ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादचे संशोधक यांनी आपल्याकडील मधुमेहींतही तोच धागा दाखवून दिला. डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. म्हणूनच जिनिंगमध्ये राबणाऱ्या हडकुळ्या मजुरालाही मधुमेह होऊ शकतो. ‘साखर हा शेठजींचा रोग’ ही समजूत आता सोडलीच पाहिजे.

आता फुप्फुसाचा कर्करोग. त्याच्याशी संबंध असलेला जनुकांचा एक भाग २००८ साली सापडला. परंतु गंमत अशी, की हा भाग शरीरात निकोटिन पकडणाऱ्या यंत्रणेचा आहे. म्हणजे ज्याच्याकडे तो फरक आहे, त्याला तंबाखूची ओढ अधिक लागते. बिडीला हातच लावला नाही, तर या ओढीला वाव कुठे उरतो?

मग या दोन रोगांचे नाते काय? मधुमेहाची जनुके अंगात आहेत म्हणून फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा ठोस पुरावा मिळालेला नाही. दोघांना बांधणारी दोरी वेगळीच आहे, ती म्हणजे धूर. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला मधुमेह होण्याचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असतो, कारण तंबाखूमुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. आणि तोच धूर फुप्फुसात कर्करोगाची पेरणी करतो. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हाही भ्रमच. टेंभुर्णीच्या पानाची बिडी सारखी विझते, म्हणून जोराचे झुरके घ्यावे लागतात आणि विष अधिक खोल जाते. कधीही बिडी न ओढणाऱ्यांनाही हा कर्करोग होतो, त्यात स्त्रियाही असतात. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीपुढे जन्म काढणाऱ्या आयाबहिणींच्या छातीत किती धूर जातो, याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. मधुमेहींना क्षयरोग होण्याचा संभव दोन ते तीन पट असतो. क्षय आणि कर्करोग दोन्हींत खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त ही लक्षणे दिसतात. त्यामुळे कर्करोगाला क्षय समजून उपचार चालू राहतात आणि मोलाचे महिने निघून जातात. क्षयाच्या औषधाने उतार पडत नसेल, तर “पुढची तपासणी करा” असे डॉक्टरांना आपणच सांगितले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, रोगाला ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणणारे अजूनही भेटतात. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी या कल्पनेचा समाचार घेतला आहे. मूल आईबापांचे गुण घेऊन येते, असे विज्ञान सांगते. पूर्वकर्माचा सिद्धांत त्याच्याशी जुळत नाही, हे त्यांनी तेथे दाखविले. स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या वेदना सोसत त्यांनी हा ग्रंथ लिहिला. त्यांनी आपला रोग पाप मानला नाही, मग आपण का लाजावे? ‘जन्मानेच ठरले’ हे आपण जातीच्या बाबतीत नाकारले. रोगाच्या बाबतीत मात्र हात जोडून बसायचे काय? जनुक धोका दाखविते, शिक्षा सुनावीत नाही.

तेव्हा करायचे काय? वयाची तिशी उलटलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखर व रक्तदाब मोफत तपासून घ्यावा. घरात मधुमेह असेल तर आळस मुळीच करू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत पुढची सोय आहे. कर्करोगाच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी जरूर करावी. सोयरिकीत रोग झाकू नये. सांगितल्याने मुलगी उणी ठरत नाही, उलट दोन्ही घरे सावध होतात.

पाचव्या शीलात तंबाखूचे नाव नाही, परंतु मनाला गुलाम करणाऱ्या व्यसनापासून दूर राहणे हाच त्याचा अर्थ आहे. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या मुक्कामाची स्मृती जागविण्यासाठी आपण जमतो. यंदा खिशातले बिडीचे बंडल घरीही नको आणि तेथेही नको. मुलांना साखरेचा वारसा देणे आपल्या हाती नव्हते. बिडीचा धडा न देणे मात्र नक्कीच आपल्या हाती आहे.

जयभीम!