चोर सापडला, पण पुरावा कोण देणार?



निकाल लागले की आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात घरोघरी ठरलेलीच चर्चा होते : डॉक्टर, इंजिनिअर, की बँकेची परीक्षा? या यादीत आणखी एका शिक्षणाची भर घालावी असे सुचवावेसे वाटते. ते म्हणजे सायबर गुन्हे आणि दहशतवाद यांचा पदव्युत्तर अभ्यास. हे नाव ऐकताच काही पालक म्हणतात, "हे कॉम्प्युटरवाल्यांचे काम." काही म्हणतात, "पोलिसांचे काम, त्यात धोका." दोन्ही समज अपुरे आहेत. या शिक्षणाचा गाभा पुरावा हा आहे.

२००७ सालची गोष्ट पाहा. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर आला. पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली, कारण इंटरनेट कंपनीने कळवलेला आयपी पत्ता त्याच्या नावावर होता. पुढे ती माहितीच चुकीची निघाली. तोवर त्या निरपराध तरुणाने ५० दिवस तुरुंगात काढले होते. महाराजांचा अपमान आपणा सर्वांनाच झोंबतो, पण भलत्याला शिक्षा देणे हा महाराजांचा न्याय नव्हे. आलेली माहिती वेळेवर कुणी पडताळून पाहिली असती, तर ते ५० दिवस वाचले असते.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरून चोरट्यांनी ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम पळवली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातूनही निघाले. तपास चिकाटीने झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने तर २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. म्हणजे बँकेवरचा दरोडा आणि देशांच्या सुरक्षेचा प्रश्न आता एकाच धाग्यात गुंफले गेले आहेत.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा अतिरेक्यांना सीमेपलीकडून सूचना मिळत होत्या त्या इंटरनेटवरच्या फोनने. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती केली. त्यातील कलम ६६-फ नुसार सायबर दहशतवादाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिक्षा एवढी कडक असेल, तर पुरावाही तेवढाच पक्का हवा.

तो कसा पक्का करतात? जप्त मोबाईलची जशीच्या तशी प्रत काढतात आणि तिच्यावरून 'हॅश' नावाचा एक आकडा गणिताने काढतात. आतले एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो, त्यामुळे पुराव्याला कुणी हात लावला की ते कळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य कायद्यात डिजिटल पुराव्यासोबत हा आकडा देणारे प्रमाणपत्र लागते. ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूदही नव्या संहितेत असून ती राज्यांनी ५ वर्षांत अंमलात आणायची आहे. एवढी जाणकार माणसे कुठून येणार?

ती आपल्या वर्गांतूनही येऊ शकतात. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी जवळच नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. गांधीनगर आणि गोव्याला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. कायद्याकडे ओढा असणाऱ्यांसाठी दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटमध्ये सायबर कायद्याची पदव्युत्तर पदविका आहे. हिशेब जाणणारा पैशाचा माग काढतो. मराठी-हिंदी दोन्ही सहज बोलणारी आपली मुले तर दोन राज्यांच्या तपासात दुभाष्याविना काम करतील. आणि यातले बरेचसे काम प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात बसून होते, तेव्हा मुलींना मागे ठेवण्याचे कारण नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. 'तीन महिन्यांत सायबर तज्ज्ञ' अशा जाहिरातींना भुलून शेतीचा पैसा घालवू नका. विद्यापीठाला आणि अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे आधी तपासावे. तपासणे हाच तर या विद्येचा पहिला धडा!

विश्वस्त मंडळींना दोन विनंत्या आहेत. अकरावी-बारावीच्या मुलांची नागपूरच्या संस्थेत एक सहल न्यावी. आणि पदवीनंतर या वाटेने जाणाऱ्या एका तरी होतकरू विद्यार्थ्याला दरवर्षी शिष्यवृत्ती द्यावी.

आज जामसांवलीला हनुमंताच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकाच्या खिशातही मोबाईल आहे आणि त्याच मोबाईलमध्ये त्याची बँकही आहे. उद्या कुणी त्याला फसवले, तर खरा चोर शोधणारा आणि निरपराधाला वाचवणारा माणूस आपल्याच शाळेतून शिकून गेलेला असावा, एवढीच इच्छा.