कढईतले तेल विमानात

वडे-भजी तळून काळे पडलेले तेल पुढे कुठे जाते? बरेचदा ते स्वस्तात लहान विक्रेत्याकडे जाते आणि पुन्हा कढईत पडते. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यास अयोग्य, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८पासून आहे. याच तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की विमानाचे इंधन बनते आणि कर्बउत्सर्जन खनिज इंधनाच्या तुलनेत ८० टक्क्यांपर्यंत घटू शकते.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७मध्ये १ आणि २०३०मध्ये ५ टक्के हरित इंधन मिसळण्याचे केंद्राचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी उसाच्या इथेनॉलकडेही पाहिले जाते. पण ऊस किती पाणी पितो, हे मराठवाड्याला सांगायला नको. म्हणून पहिला मान टाकाऊ तेलाला हवा.

अर्थात, सगळे तेल गोळा केले तरी विमानांची भूक भागणार नाही. कमी वजन, सरळ मार्ग, धावपट्टीकडे एकाच इंजिनावर जाणे ही काटकसर कंपन्यांनी आजच करावी. आणि जळक्या तेलाला वडेवाल्यापेक्षा चार पैसे जास्त मोजावेत. तरच ते आपल्या पोटात जायचे थांबेल.