विश्लेषण : पवनारची शिल्पे, हिंगणघाटकडचे ताम्रपट आणि राजाच्या अटी; सत्तेला देऊळ कशाला लागते?

दीड हजार वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका राजाने एक हजार ब्राह्मणांना एक गाव दान दिले. दान धर्मासाठी होते. पण त्याच ताम्रपटावर त्याने अटीही कोरून घेतल्या. राज्याशी द्रोह करायचा नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही. अट मोडली आणि राजाने जमीन परत घेतली, तर ती चोरी ठरणार नाही, हेही त्याने आधीच लिहून ठेवले.

हा चम्मकचा ताम्रपट. राजा वाकाटक घराण्यातला दुसरा प्रवरसेन. गाव आजच्या अमरावती जिल्ह्यातले, पण आज्ञा सुटली ती प्रवरपूर या राजधानीतून. प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातले पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते.

प्राचीन संस्कृतींबद्दल बोलताना आपण देवळे, मूर्ती आणि चित्रे पाहतो आणि थक्क होतो. थक्क व्हायलाच हवे. पण त्या कलेच्या शेजारी ठेवून वाचायचा कागद आपल्याच जिल्ह्यात सापडलेला असताना तो न वाचणे परवडणारे नाही.

वाकाटक कोण होते?

साधारण तिसऱ्या ते पाचव्या शतकात विदर्भावर राज्य करणारे हे घराणे. पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले आणि ‘सम्राट’ ही पदवी घेतली. पुढे घराण्याच्या शाखा झाल्या. एक शाखा नंदिवर्धनची, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनची. दुसरी वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशिमची. अजिंठ्याचे सोळावे लेणे ज्याने कोरवून घेतले तो वराहदेव याच वत्सगुल्म शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री होता.

नंदिवर्धन शाखेचा दुसरा रुद्रसेन याचे लग्न गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता हिच्याशी झाले. रुद्रसेन लवकर गेला, मुले लहान होती. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याचा कारभार प्रभावतीगुप्तेने हाती घेतला. एका विधवा राणीने मुलाच्या नावाने राज्य चालवले, आणि चांगली तेरा वर्षे चालवल्याचा लेखी पुरावा आहे.

राणीच्या ताम्रपटात काय आहे?

हा पुरावा म्हणजे पुण्यात उजेडात आलेला तिचा ताम्रपट. नाव पुण्याचे असले तरी त्यातली जमीन वर्ध्याकडची आहे. सुप्रतिष्ठ नावाच्या विभागातले दंगुण हे गाव तिने चनालस्वामी या आचार्याला दान दिले. मिराशींनी हा विभाग आजच्या हिंगणघाटच्या भागात दाखवला आहे. तिथी कार्तिक शुद्ध द्वादशी, म्हणजे कार्तिकी एकादशीचे पारणे सोडण्याचा दिवस. राणी विष्णूची भक्त होती. दान आधी देवाच्या चरणी वाहिले आणि मग आचार्याला दिले.

आता त्याच पटाची दुसरी बाजू पाहा. वाकाटकांची सून असलेली ही राणी वंशावळ सांगते ती माहेरच्या गुप्तांची. गोत्रही वडिलांचेच, ‘धारण’, लावते. पटावरची अक्षरेसुद्धा वाकाटकांच्या नेहमीच्या, डोक्यावर चौकोनी पेटी असलेल्या वळणाची नाहीत, उत्तरेकडच्या वळणाची आहेत. गावातल्या कुटुंबप्रमुखांचे क्षेमकुशल विचारून ती आज्ञा देते. त्या आज्ञेतून गावाला एकच गोष्ट कळते : राणीच्या पाठीशी कोण उभे आहे.

म्हणजे एकाच पत्र्यावर तीन कामे झाली. देवाची सेवा, आचार्याला उत्पन्न आणि राणीच्या अधिकारावर शिक्कामोर्तब. यातले एक खरे आणि बाकीची ढोंगे, असे नाही. तिन्ही खरी आहेत.

दान दिले, पण किंमत कोणी मोजली?

हिंगणघाटजवळ जांब येथे मिळालेल्या ताम्रपटात दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या कारकिर्दीच्या दुसऱ्याच वर्षी कोथुरक नावाचे गाव दान दिले आहे. गावाच्या चारही बाजू त्यात नोंदवल्या आहेत. एका बाजूला उमा नदी, दुसऱ्या बाजूला मंडुकीग्राम. मिराशींच्या मते उमा म्हणजे आजची वणा नदी आणि मंडुकीग्राम म्हणजे मांडगाव. आजचा सातबारा आणि गाव-नकाशा जे काम करतो तेच हा पत्रा करत होता.

वाकाटकांच्या दानपत्रांत सवलतींची एक लांब यादी असते. गावात राजाचे सैनिक शिरणार नाहीत. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना जनावरांसाठी चारा, बसायला कातडी आणि जाळायला कोळसा द्यावा लागणार नाही. फुले आणि दूध द्यावे लागणार नाही. मीठ खणण्यावरचा आणि मद्यावरचा राजाचा हक्क लागू होणार नाही. वेठबिगार घेतली जाणार नाही. जमिनीत पुरलेले धन निघाले तर तेही दान घेणाऱ्याचे.

ही यादी उलटी वाचायला हवी. दान दिलेल्या गावाला ज्याची माफी, ते दान न दिलेल्या प्रत्येक गावाला द्यावे लागत होते. चारा, दूध, कोळसा, फुकटची मेहनत. वर्धा-वणा खोऱ्यातल्या कुणब्याचे पाचव्या शतकातले रोजचे जगणे कोणत्याही काव्यात सापडत नाही. ते या माफीच्या यादीत सापडते. आणि माफी झाली म्हणजे शेतकऱ्याचे ओझे गेले, असेही नाही. राजाचे हक्क दान घेणाऱ्याकडे गेले, असा अर्थ अनेक इतिहासकार लावतात.

अ‍ॅप डाऊनलोड करताना आपण लांबलचक अटी न वाचता ‘मान्य’ दाबतो. इतिहासाचेही आपण तेच करतो. मूर्तीसमोर हात जोडतो आणि अटींचे पान वरती सरकवून टाकतो.

हे फक्त इथेच घडले का?

नाही. इजिप्तच्या रोझेटा शिलालेखाचे उदाहरण घ्या. 1799 मध्ये सापडलेल्या या दगडामुळे इजिप्तची चित्रलिपी वाचता आली, एवढे सगळ्यांना माहीत असते. त्यावर लिहिलेय काय, हे फारसे कोणी विचारत नाही. इसवी सनपूर्व 196 मधला तो पुरोहितांचा ठराव आहे. पाचव्या टॉलेमी राजाने देवळांना करात सवलती दिल्या, म्हणून देवळांमध्ये त्याचे पुतळे उभारून पूजा करायची, असा तो व्यवहार. मेसोपोटेमियात हम्मुराबीच्या दगडी स्तंभावर वरच्या बाजूला राजा सूर्यदेव शमशसमोर उभा आहे आणि खाली कायदे कोरले आहेत. चित्र पाहणाऱ्याला वाचता येत नसले तरी कायदा देवाच्या साक्षीने आला, हे कळावे.

नाईल असो की धाम नदी, राजाला फौजेने जमीन जिंकता येते. पण रोजच्या रोज प्रत्येक गावात फौज ठेवता येत नाही. तिथे राजाच्या वतीने बोलणारे कोणीतरी लागते. ते काम देऊळ, आचार्य आणि शिल्पकार करतात. फौजेपेक्षा हे स्वस्त पडते आणि जास्त टिकते.

मग पवनारच्या शिल्पांचे काय?

पवनारला धाम नदीकाठी विनोबा भावे 1938 मध्ये राहायला आले. पुढे आश्रमाच्या शेतात खणताना जुनी शिल्पे निघाली. त्यातले एक म्हणजे राम आणि भरत यांची भेट. विनोबांनी ते देव म्हणून स्थापले. 1959 मध्ये इथेच ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केले.

मिराशींचा तर्क असा, की ही शिल्पे प्रभावतीगुप्तेच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या राममंदिराची आहेत. इतर अभ्यासकांनी त्यातल्या काही शिल्पांचे अर्थ वेगळे लावले. मनसरच्या उत्खननानंतर प्रवरपूर पवनारला नसून मनसरला होते, असेही मत पुढे आले. हा वाद अभ्यासकांचा आहे आणि तो चालू राहिला तर चांगलेच आहे. पवनारची शिल्पे वाकाटक काळातली आहेत, यावर मात्र फारसा वाद नाही.

मिराशींचा तर्क मान्य केला, तर भरतभेटीला एक वेगळाच अर्थ येतो. भरत कोण? गादी स्वतःची नाही हे मान्य करून, रामाच्या पादुका समोर ठेवून, दुसऱ्याच्या नावाने राज्य चालवणारा. आणि प्रभावतीगुप्ता कोण? मुलाच्या नावाने राज्य चालवणारी. तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट तर रामगिरीच्या स्वामींच्या पायांपाशी बसून दिलेला आहे. रामगिरी म्हणजे रामटेक. राणीने ठरवून भरताची कथा निवडली, असे सिद्ध करता येणार नाही. पण ही कथा तिच्या राज्याला अगदी साजेशी होती, हे नाकारताही येणार नाही.

तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन स्वतःला शिवाचा भक्त म्हणवतो. शंभूच्या कृपेने पृथ्वीवर कृतयुग आणले, असा त्याच्या ताम्रपटांचा दावा आहे. तरी रामकथेवरचे ‘सेतुबंध’ हे माहाराष्ट्री प्राकृतातले काव्य त्याच्याच नावावर आहे. आई वैष्णव, मुलगा शैव, वाशिमच्या शाखेचा मंत्री बुद्धाचे लेणे कोरवतो. देव कोणता यावरून या घराण्यात भांडण दिसत नाही. प्रत्येक देवाच्या दारी सत्तेची नाममुद्रा मात्र दिसते.

म्हणजे श्रद्धा खोटी होती का?

असा आक्षेप येणारच. देवळामागे राजकारण शोधणे म्हणजे पूर्वजांच्या भक्तीचा अपमान, असे म्हणणारे बरेच भेटतील. पण हा हिशोब आजच्या कोणी संशयखोराने मांडलेला नाही. राजांनीच तो तांब्यावर कोरला, कारण त्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. दानाचे पुण्यही लिहिले, अटीही लिहिल्या. त्यांनी दोन्ही लिहिले असेल, तर आपण अर्धेच का वाचायचे?

दुसऱ्या टोकाला, कला म्हणजे नुसता सत्तेचा प्रचार, असे म्हणणेही चूक आहे. वाकाटक गेले. प्रवरपूर नेमके कुठे होते यावर आज वाद आहे. कोथुरक नावाचे गावही नकाशावर राहिले नाही. भरतभेट मात्र राहिली. आणि ती हाती लागली ती सत्ता आणि जमीन यांच्या मालकीवरच प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या. राजाने एक हजार जणांना जमीन दिली ती अटी घालून. विनोबांनी 1951 पासून गावोगाव चालत जमीन मागितली ती भूमिहीनांसाठी. शिल्प कोणाच्या पैशाने घडले आणि पुढे ते कोणाशी बोलेल, या दोन गोष्टी वेगळ्या असतात. दुसरी गोष्ट राजाच्या हातात नसते.

आज याचा उपयोग काय?

दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली शेतकऱ्यांसाठी. वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर या भागांत नांगराला किंवा जेसीबीला जुने तांबे, नाणी, मूर्ती लागू शकतात. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेले असे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. भंगारात गेलेला ताम्रपट दोन-तीन किलो तांब्याच्या भावाने जातो. वाचला गेला, तर एका गावाच्या सीमा, नद्या आणि माणसे परत मिळतात.

दुसरी शाळांसाठी. पवनारच्या सहलीआधी वर्गात जांब आणि चम्मकच्या ताम्रपटांचा मराठी सारांश वाचून दाखवावा. मुलांना मग शिल्प जास्त कळेल, कमी नाही.

आजही कोणी सत्ताधारी, कोणत्याही पक्षाचा, देवळाला, स्मारकाला किंवा पुतळ्याला निधी जाहीर करतो, तेव्हा टाळ्या वाजवायला हरकत नाही. त्यासोबत तीन प्रश्न विचारावेत. कोणाला दिले, कोणत्या अटीवर दिले आणि चारा-कोळसा कोणाच्या घरचा गेला? पाचव्या शतकातल्या राजाने या तिन्हींची उत्तरे तांब्यावर लिहून ठेवली होती. आजच्या राज्यकर्त्यांकडून त्याहून कमी मागण्याचे काही कारण नाही.