अंगणात प्लास्टिक कशाला?

कृत्रिम हिरवळ, म्हणजे ज्याला आपण सरळ 'टर्फ' म्हणतो, ती जगभर गाजली एका अडचणीमुळे. अमेरिकेत ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोडोम हे छप्पर असलेले भलेमोठे स्टेडियम १९६५ मध्ये सुरू झाले. छपराच्या पारदर्शक तावदानांतून इतका लख्ख उजेड यायचा की खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदाने रंगवली. ऊन बंद झाले आणि आतले गवत मेले. १९६६ मध्ये तिथे प्लास्टिकचे गवत अंथरले गेले. जिथे ऊनच नाही तिथे ही सोय होती, हे मला पटते. मराठवाड्यात, जिथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तिथे घराच्या अंगणात तिचे काय काम, हे पटत नाही.

हा प्रश्न सध्या आमच्याच घरात पेटला आहे. घरापुढे साधारण ४०० चौरस फूट मोकळी जागा आहे. सासऱ्यांनी तिथे हौसेने लॉन लावली होती. आता धाकट्या दिरांना ती काढून टर्फ टाकायचा आहे. "भाभी, एकदाच खर्च, मग कटकट नाही," हे त्यांचे म्हणणे. जाऊबाईही त्यांच्याच बाजूने आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. कारण लॉनची तारीफ पाहुणे करतात, पाणी मात्र जाऊबाई घालतात.

हिशेब करून पाहा. ४०० चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरले तर १८५ लिटर झाले, म्हणजे पंधरा लिटरचे बारा हंडे. रोज! ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते तिथे हा इसराफच आहे. वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी बेताने वापरावे, असे आपणच मुलांना शिकवतो. तेव्हा लॉनची वकिली मी करणार नाही. आपल्याकडच्या जुन्या बागांचा जीव पाण्याचे पाट, फळझाडे आणि सावली यांत होता. सारखे कापलेले, कोणी न चरलेले गवत ही साहेबाची आवड.

पण लॉन नको, एवढ्यावरून प्लास्टिक हवे असे सिद्ध होत नाही.

जिवंत गवत पानांतून पाण्याची वाफ सोडते, त्यामुळे ते स्वतः थंड राहते आणि भोवतालही थोडा थंड ठेवते. प्लास्टिकला ही कला येत नाही. ते नुसते तापते. भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. त्यावर पाणी मारले की थोडा वेळ निवतो आणि पुन्हा तापतो. म्हणजे पाणी वाचवायला टर्फ टाकायचा आणि पोरांचे तळवे वाचवायला त्यावर पाणी मारायचे. आमच्या अम्मी, म्हणजे सासूबाई, असरनंतर अनवाणी अंगणात फिरतात. त्यांना डॉक्टरांनी शुगरमुळे पाय जपायला सांगितले आहे. चटका बसला तरी त्यांना लगेच कळायचे नाही. मला मुख्य भीती ही आहे.

शिवाय टर्फ नीट बसावा म्हणून दुकानदार खाली कोबा करायला सांगतोय. कोबा केला की पावसाचे पाणी जमिनीत मुरायचे सोडून गटारात जाणार, आणि मग आम्हीच बोअर आटला म्हणून रडणार. काही वर्षांनी उन्हाने त्या पाती ठिसूळ होऊन तुटतात, बारीक तुकडे मातीत मिसळतात. वरच्या पाती एका प्लास्टिकच्या, खालचा थर दुसऱ्याच कशाचा, दोन्ही चिकटवलेले. आमचा भंगारवालासुद्धा तो घेणार नाही. आणि बकरी ईदच्या आधी आठ दिवस अंगणात बांधलेल्या बकऱ्याचे काय? हे टर्फ आहे, तोंड लावू नकोस, हे त्याला कोण समजावणार?

कॅलिफोर्नियाचा अनुभव बोलका आहे. २०१५ च्या दुष्काळात तिथे कायदा झाला की घरापुढच्या टर्फवर कोणत्याही शहराने बंदी घालू नये, कारण पाणी वाचते. २०२३ मध्ये त्याच राज्याने कायदा बदलून शहरांना बंदीचा अधिकार परत दिला. शेजारच्या नेवाडाने २०२१ मध्ये रस्त्याकडेच्या आणि कार्यालयांपुढच्या शोभेच्या लॉनला कोलोरॅडो नदीचे पाणी बंद करायचा कायदा केला. कमी पाण्यावर जगणारी झाडे हा तिथे पुढे आलेला पर्याय आहे. वाळवंटात राहणाऱ्यांना हे सुचते, तर आपल्याला का सुचू नये?

माझा प्रस्ताव साधा आहे. लॉनचे लाड बंद करायचे आणि हरळी येऊ द्यायची. ती लावावी लागत नाही, उलट शेतकरी तिला उपटून थकतात! उन्हाळ्यात ती पिवळी पडेल आणि मृगाच्या पावसात पुन्हा फुटेल. पश्चिमेला एक कडुलिंब, भिंतीलगत मोगरा. गाडी उभी राहते तिथे फरश्या, पण मध्ये मातीच्या फटी सोडून. झाडांना वुजूचे आणि भाजी धुतलेले पाणी. घरातल्या सात माणसांच्या वुजूचे पाणी दिवसाला किती होते, ते बादलीत धरून बघा, थक्क व्हाल.

दिरांचा एकच मुद्दा उरला आहे. येत्या मे महिन्यात पुतणीची मंगनी अंगणात आहे आणि फोटोत पिवळे गवत बरे दिसणार नाही. तर मंडपवाल्याकडे हिरवा गालिचा भाड्याने मिळतो, मी चौकशी केली आहे. तो संध्याकाळी अंथरतो आणि रात्री गुंडाळून घेऊन जातो. जाऊबाई आता निम्म्या माझ्या बाजूला आल्या आहेत. त्यांची अट एवढीच, वुजूखान्यापासून अंगणापर्यंतचा पाइप पुरुषमंडळींनी टाकून द्यायचा, बादल्या त्या उचलणार नाहीत.