गादीखालची वही आणि पियानोवरची पर्स

सोफ्याची गादी उचलली की काय काय निघतं, हे मैत्रिणींनो, मी तुम्हांला सांगायला नको. केसांचा चाप, रुपयाचं नाणं, मुलांनी लपवलेलं प्रगतिपुस्तक, आणि महिनाभर शोधून थकलो ते विजेचं बिल! पण अमेरिकेत डेट्रॉइट शहराजवळच्या एका घरात मे २०१९ मध्ये गादीखालून एक वही निघाली, आणि तिच्यापायी मुलांमुलांत कोर्टकचेरी झाली. घर होतं अरेथा फ्रँकलिनचं. 'सोल' संगीताची राणी म्हणतात, ती. १६ ऑगस्ट २०१८ ला ती कर्करोगानं गेली, तेव्हा वकिलाकडून रीतसर करून घेतलेलं मृत्युपत्रच मिळेना.

तिची आज आठवण निघाली ती एका भगिनीच्या पत्रामुळे. त्या लिहितात, 'आमच्याकडे रविवारी दुपारी वाद रंगतो. मुलगी म्हणते अरेथा थोर, जावई म्हणतो एटा जेम्स. मला दोघींचं ओरडणं सारखंच वाटतं. तुम्हीच सांगा.'

बाई, सारखं नाही हो ते! जरा बसा, सांगते.

सोल म्हणजे चर्चमधलं गाणं चर्चबाहेर आलेलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये पाद्री एक ओळ म्हणतो, लोक ती उचलून धरतात. शाहिराला झीलकरी साथ देतात ना, तसंच काहीसं. त्याच टाळ्या, तोच आवेग. फक्त देवाला घातलेली हाक माणसाला घातली, की झालं सोल. अरेथा आणि एटा दोघीही त्याच चर्चमधून आल्या. पण घरं किती वेगळी!

अरेथाचा जन्म १९४२ चा. वडील डेट्रॉइटचे नावाजलेले धर्मोपदेशक. महालिया जॅक्सनसारखी थोर भक्तिगायिका त्यांच्या घरी पाहुणी म्हणून यायची. पोर पियानो शिकली ती नुसती ऐकून. सुख मात्र कपाळी नव्हतं. आई घर सोडून गेलेली, आणि अरेथाला दहावं पुरं व्हायच्या आत ती वारलीही. स्वतः अरेथा तेरा वर्षांची व्हायच्या आत आई झाली. आजीनं आणि घरच्यांनी सांभाळलं म्हणून गाणं टिकलं.

एटा तिच्याहून चार वर्षांनी मोठी, लॉस एंजेलिसची. तिच्या जन्माच्या वेळी आई चौदा वर्षांची होती, वडील कोण ते नक्की ठाऊक नाही. दुसऱ्यांच्या घरी वाढली. त्या घरचा माणूस रात्री पत्त्यांचा डाव रंगला, की झोपलेल्या पोरीला उठवून दारू प्यालेल्या मंडळींपुढे गायला लावायचा, नाही म्हटलं तर मारायचा. मोठेपणी कोणी गाण्याची फर्माईश केली की तिच्या कपाळाला आठी पडायची, त्यात नवल ते काय?

आता आवाज. अरेथाचा आवाज खालून वर जिना चढावा तसा चढतो, आणि वर पोचल्यावर दमत नाही. एक स्वर घेतला की त्याच्याभोवती चार हरकती, आणि तरी शब्द स्वच्छ. हात पियानोवर असल्यानं ताल तिच्या मुठीत. एटाचा आवाज जाड, किंचित खरखरीत. मध्येच गुरगुरते, मध्येच मऊ होते. अरेथा ऐकताना वाटतं, ही उठून उभी राहिली. एटा ऐकताना वाटतं, ही आपल्या शेजारी येऊन बसली. मला विचाराल तर रात्री भांडी घासून झाल्यावर मी एटा लावते, आणि सकाळी अरेथा.

गंमत म्हणजे दोघींच्या आयुष्यात १९६७ हे एकच साल आणि अलाबामा राज्यातल्या मसल शोल्स गावचा एकच स्टुडिओ महत्त्वाचा ठरला. जानेवारीत अरेथा तिथं गेली. एक गाणं झालं आणि तेवढ्यात तिच्या नवऱ्याचं तिथल्या मंडळींशी वाजलं! दोघं निघून गेली, पुढचं काम न्यूयॉर्कला झालं. त्याच वर्षी पुढं एटा तिथं गेली आणि 'टेल ममा' करून आली.

न्यूयॉर्कला अरेथानं जे गाणं केलं, ते 'रिस्पेक्ट'. हे मूळचं ओटिस रेडिंग या गायकाचं, १९६५ चं. कष्ट करून घरी येणारा नवरा बायकोकडे मान मागतो, असं ते गाणं. अरेथानं ते उलटं फिरवलं. आता बाई मान मागते, तोही एकेक अक्षर सुटं करून, म्हणजे ऐकणाऱ्याला 'समजलं नाही' म्हणायला जागा नको! मागून तिच्या बहिणी झील धरतात. जून १९६७ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ओटिसनं तर हसतहसत कबूल केलं, की हे गाणं एका पोरीनं आपल्याकडून नेलं.

नेलं खरं, पण पैसा? इथंच खरी मेख आहे. अमेरिकेतल्या साध्या रेडिओवर गाणं वाजलं, की पैसे मिळतात ते गाणं लिहिणाऱ्याला. गाणाऱ्याला एक छदामही नाही. तिथला कायदाच तसा. म्हणजे अर्धशतक घरोघर तिचा आवाज घुमला आणि रेडिओचे पैसे गेले ओटिसच्या वारसांकडे. संसारात बायकांचे कष्ट कुठल्या वहीत मांडले जातात, हे ज्या जाणतात त्यांना यावर वेगळं सांगायला नको.

म्हणून अरेथा पुढं शहाणी झाली. मागच्या पिढीच्या काळ्या कलावंतांना कसं फसवलं गेलं, ते तिनं पाहिलं होतं. कार्यक्रमाआधी रोख मानधन हातात घ्यायची, पर्समध्ये ठेवायची, आणि पर्स रंगमंचावर डोळ्यांसमोर! २०१५ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या मोठ्या समारंभात अध्यक्ष ओबामा बसलेले असताना अंगावर लांब फरकोट घालून आली आणि पर्स पियानोवर ठेवून गायला लागली. ओबामांनी डोळे पुसले. मी ते चित्रण पाहिलं तेव्हा माझं निम्मं लक्ष त्या पर्सवरच!

एटाजवळ ही सावधगिरी नव्हती. तिच्या 'आय'ड रादर गो ब्लाइंड' या गाण्यावर रचनाकार म्हणून तिचं नावच नाही. आत्मचरित्रात ती सांगते, की एका मित्राबरोबर तिनं ते पुरं केलं. पण कराचा घोळ नको म्हणून आपला हिस्सा तेव्हाच्या जोडीदाराच्या नावावर लावला. ते गाणं पुढं कितीतरी जणांनी गायलं. हेरॉइनच्या व्यसनानं तर वर्षंच्या वर्षं खाल्ली. १९७२ मध्ये पकडले गेल्यावर नवऱ्यानं गुन्हा आपल्या अंगावर घेतला आणि तुरुंग भोगला. अशीही माणसं असतात.

मग आला २० जानेवारी २००९. ओबामांचा शपथविधी. सकाळी अरेथा भला मोठा धनुष्यासारखा बो लावलेली टोपी घालून गायली. रात्री ओबामा पतिपत्नींचं पहिलं नृत्य झालं एटाच्या 'अ‍ॅट लास्ट'वर, पण गायली बियॉन्से. एटाला बोलावणं नव्हतं. पुढं एका कार्यक्रमात तिनं चारचौघांत फणकारा केला, आणि मग ती थट्टा होती म्हणून सारवासारवही केली. मला तो फणकारा फार आवडतो. आपल्या हातची पुरणपोळी दुसरीनं पंगतीत वाढावी आणि आपल्याला पानावरही बोलावू नये, तर काय वाटेल? तीन वर्षांनी, २० जानेवारी २०१२ ला, ती गेली.

खरं तर 'अ‍ॅट लास्ट'ही मूळ तिचं नव्हे, १९४१ चं सिनेमाचं गाणं. पण १९६० मध्ये, बाविसाव्या वर्षी, तिनं ते असं गायलं की जुनं कोणाला आठवेना. इतक्या हालांतून आलेली मुलगी 'अखेर मिळालं' म्हणते, तेव्हा ते तिला खरंच मिळालंय असं वाटतं.

आता दोघींची तुलना करायची तर सोय अरेथानंच करून ठेवलीय. २०१४ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, तिनं इतर गायिकांच्या गाण्यांचा एक संग्रह काढला. त्यात 'अ‍ॅट लास्ट' आहे आणि ग्लॅडिस नाइटचं १९७३ चं 'मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया'सुद्धा. ही ग्लॅडिस तिसरीच तऱ्हा. आवाज चढवतच नाही. शहरात हरलेला माणूस गावी परत निघालाय आणि ती त्याच्याबरोबर जायचं ठरवते, एवढंच. मागं तिचा भाऊ आणि चुलत मंडळी रेल्वेसारखी लय धरतात. अरेथानं त्यात पुष्कळ नक्षी भरली. मला ग्लॅडिसचीच साधी चाल बरी वाटते.

त्याच २०१४ च्या मार्चमध्ये अरेथानं ती गादीखालची वही लिहिली. सहीतल्या 'ए' अक्षरात एक हसरा चेहरा काढलाय. कुलूपबंद कपाटात २०१० चे कागदही निघाले. त्यांत दोन मुलांना अट होती, की आधी व्यवसायाचं शिक्षण घ्या, मग वाटा. आईच ती! जुलै २०२३ मध्ये सहा पंचांनी तासाभराच्या आत गादीखालची वही खरी धरली, आणि ती अट गेली.

तर भगिनी, रविवारी दोन्ही 'अ‍ॅट लास्ट' लावा, आधी अरेथाचं, मग एटाचं. मुलीला सांगा, गळा अरेथाचाच थोर, त्यात शंका नाही. पण हे एक गाणं तिलाही एटाकडून नेता आलं नाही. जावयाला दुसरा चहा द्या.