धोकटीची किंमत

संपादक महोदय,


‘शटर उचकटून रोकड लंपास’ ही चार ओळींची बातमी वाचक नजरेआड करून पुढे जातात. दुकान सराफाचे असेल तर आकडा तरी वाचला जातो. सलूनचे असेल तर हसू येते. न्हाव्याकडून नेणार काय, कंगवा? मी शिरूरमध्ये बावीस वर्षे सलून चालवतो, माझ्या मेहुण्यांचे दुकान दौंडला आहे. काय नेतात ते आम्हाला ठाऊक आहे.

चोराला आमचा आठवडा पाठ असतो. सगळ्यात मोठी कमाई रविवारी, आणि सोमवारी दुकान बंद. रविवारी रात्री शेवटचे गिऱ्हाईक उठते तेव्हा बँक बंद असते, मालकाचे पाय बोलत असतात, ‘परवा बघू’ म्हणून पैसे गल्ल्यातच राहतात. कुलूप उघडते मंगळवारी. मधल्या दोन रात्री चोराच्या. त्यात दोन्ही गावांचा भूगोल त्याच्याच सोयीचा. शिरूरला घोड नदी, दौंडला भीमा. पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा आणि पोलीस दल वेगळे. दौंड तर जंक्शन, तिथे अपरात्री पिशवी घेऊन चालणाऱ्याला कोण हटकणार?

माझ्या दुकानातून काही वर्षांपूर्वी गल्ल्यातले साडेतीन हजार, दोन ट्रिमर आणि एक ड्रायर गेला. तक्रार लिहिताना बिले मागितली गेली. एकही नव्हते. सगळा माल घाऊक बाजारातून कच्च्या पावतीवर घेतलेला, आणि त्या पावत्याही कधीच रद्दीत गेलेल्या. चूक सर्वस्वी माझी. ती आमच्या धंद्यात जवळपास प्रत्येकाची आहे, म्हणून हे पत्र.

कारण चोरीच्या मालाची किंमत दाखवणाऱ्या बिलाला आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 303(2) प्रमाणे पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी करणारा पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. अशी चोरी अदखलपात्रही ठरवली आहे. म्हणजे आपल्या हातात एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद येतो आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास हलत नाही. भुकेपोटी हात मारणाऱ्या पोराला तुरुंगात टाकू नये, हा विचार मला मान्य आहे. पण एक चांगला ट्रिमर पाच हजारांच्या आतच येतो, आणि तो गेला की कारागिराचा दिवस बुडतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांत नाभिकही आहेत. हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. हत्यारांच्या ज्या धोकटीला सरकार एका हाताने पंधरा हजार देते, तिच्यातली वस्तू चोरीला गेली की दुसऱ्या हाताने ती किरकोळ ठरवते. पोट ज्यावर चालते त्या हत्यारांना ही मर्यादा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र शटर तोडून आत शिरणे ही साधी चोरी नव्हे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. मालमत्ता ठेवलेल्या इमारतीतली चोरी कलम 305 मध्ये येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. रात्रीची घरफोडी कलम 331 मध्ये. तिथे पाच हजारांचा प्रश्नच नाही. कुलूप तुटलेले असेल तर ‘एनसी नको, गुन्हा दाखल करा’ असे नम्रपणे पण ठाम सांगावे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते. ‘एवढ्याशा पैशांसाठी कोण हेलपाटे घालणार’ म्हणून गप्प बसलेल्या दुकानदाराची चोरी कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि जिथे आकडा नाही तिथे गस्त वाढवा असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

विम्याबाबतही असेच अज्ञान. कर्ज घेताना बँक आगीचा विमा उतरवते आणि आपण समजतो चोरीचेही भागले. छोट्या उद्योगांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत आग, पूर वगैरे आपत्ती ओढवल्यानंतर सात दिवसांत झालेली चोरी धरली जाते. एरवीच्या घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. पॉलिसीचा कागद एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या.

आता थोडे अप्रिय. चोरी झाली की आपली पहिली नजर कारागिरावर जाते, तो उत्तर प्रदेश-बिहारचा असेल तर आधी. नोकराने केलेल्या चोरीला कलम 306 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असा आरोप चहा पिताना करायचा नसतो. निम्म्या वाट्यावर काम करणाऱ्याला रोज रात्री समोर बसवून हिशेब दाखवला, किती दाढ्या, किती कटिंग, रोख किती, यूपीआय किती, तर संशयाला जागाच उरत नाही. क्यूआर कोड रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव बघावे. जानेवारी 2025 मध्ये खजुराहोत रातोरात दुकानांच्या कोडवर दुसरेच कोड चिकटवले गेले होते. फसवणूक लक्षात आली की लगेच 1930 वर फोन. आणि कॅमेरा लावाच, पण रेकॉर्डरची पेटी कॅमेऱ्याखाली ठेवू नका, चोर ती आधी उचलतो. पार्लरच्या आतल्या खोलीत तर कॅमेरा मुळीच नको, तो स्वतःच गुन्हा ठरू शकतो.

पुणे ग्रामीण पोलिसांकडे एकच मागणी आहे. रविवारी आणि सोमवारी रात्री शिरूर आणि दौंडच्या बाजारपेठेतून गस्तीची एक जादा फेरी व्हावी. आणि सलूनवाल्या बांधवांनो, या रविवारी गल्ला घरी न्या.

आपला,
एक सलून व्यावसायिक, शिरूर