पाणी मुरते कुठे?

चुलीवरचे पातेले कोरड्या फडक्याने धरले तर हात वाचतो. फडके ओले असेल तर तत्क्षणी चटका बसतो. रत्नागिरीतल्या दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असलेली ही गोष्ट इथल्या शाळा-दवाखान्यांच्या निविदा काढणाऱ्यांना ठाऊक नसावी?

उष्णता अडवते ती धाग्यांत कोंडलेली हवा. ग्लासवूल, थर्माकोल, हलक्या विटा, सच्छिद्र जांभा या साऱ्यांची मदार त्या हवेवरच. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रतिमीटर-केल्विन, पाण्याची ०.६, म्हणजे तेवीसपट! छिद्रांत ओल शिरली की उष्णतेला आयता साकव मिळतो. शिवाय तापल्या बाजूला ओलीची वाफ होते, गार बाजूला तिचे पुन्हा पाणी होते आणि त्या फेऱ्यात किलोमागे सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता आत येऊन पडते.

आणि आम्ही काय करतो? वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या भूमीत सपाट स्लॅब ओततो, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतो. कोब्याला चीर पडते, तो चार महिने पाणी पितो. ऑक्टोबरात वर्गात जाऊन पाहा: पंख्याच्या हुकाभोवती पिवळा डाग, भिंतीला पोपडे, खाली घामाने निथळणारी चौथीची मुले. मग गावकरी वर्गणी काढून स्लॅबवर पत्रे चढवतात. एकाच छपराचे पैसे दोनदा!

कंत्राटदार उष्णतारोधकाचा कॅटलॉगातला आकडा पुढे करतो. तो कोरड्या नमुन्यावर मोजलेला असतो, आषाढातल्या भिंतीवर नव्हे. २०१८च्या ‘इको निवास संहिते’ने घराच्या छतातून शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली, ती कोरड्या आकड्यांच्या गणिताने पाळली, तर पहिल्याच पावसात वाहून जाईल.

उंच जोते, उतरती कौले, भिंतीपुढे आलेली पडवी, पावसाळ्याआधी बांधलेली झापे: आमच्या आज्यापणज्यांनी आधी भिंत कोरडी राखली, गारवा आपोआप आला. रत्नागिरीतला १९१०चा थिबा राजवाडाही उतरत्या छपराखालीच उभा आहे. जुने वैभव आळवत बसा, असे आम्ही म्हणत नाही. त्यामागची अक्कल घ्या, एवढेच म्हणतो. परक्या पुस्तकांची नक्कलही पुरे! थंड देशांत बाष्प रोखणारा पडदा भिंतीच्या आतल्या अंगाला घालतात. इथे मासळी-आंब्याच्या शीतगृहाला तो बाहेरच्या, उष्ण अंगाला हवा. उलटा घातला तर ओल थरातच कोंडते आणि विजेचे बिल फुगते.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी निविदेत उष्णतारोधकाचा ओल्या अवस्थेतला आकडा मागा. छपराचा उतार, पागोळीची जागा, जोत्यावरचा ओलरोधक थर तपासल्याशिवाय बिलावर सही करू नका. पहिली तपासणी जुलैत करा, मार्चअखेरीस नव्हे. हे ज्या अधिकाऱ्याला जड वाटते, त्याने ऑक्टोबरातली एक दुपार त्या चौथीच्या वर्गात, पिवळ्या डागाखाली, खुर्ची टाकून बसून दाखवावे!